उपकेंद्राशेजारची तीन एकर

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

आदरणीय साहेबांना सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. सहा वर्षांपूर्वी मालक वारले. पाच एकर काळी जमीन आहे, दोन एकरांत विहीर आणि उरलेले तीन एकर १३२ केव्हीच्या उपकेंद्राला लागून. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, मुलगी अक्कलकोटकडे दिली आहे. दिवाळीनंतर एक एजंट आला. उपकेंद्राशेजारच्या तीन एकरांत ५० मेगावॅटचा, १०० मेगावॅट-तासांचा बॅटरी प्रकल्प करायचा आहे, २७ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एकरी वर्षाला ७० हजार रुपये देऊ, गावाला वीज फुकट मिळेल, धोका काडीचाही नाही, असे त्याने सांगितले. येत्या गुरुवारी तो संमतीपत्र आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन येणार आहे. मुलीच्या सहीची गरज नाही, असेही तो म्हणतो. मुलगा म्हणतो, सही करून टाक. माझे चुलत दीर पूर्वेच्या बांधापासून साठ मीटरवर वस्ती करून राहतात. त्यांनी मोबाइलवर अमेरिकेतील बॅटऱ्यांच्या आगीचा व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. विहिरीचे पाणी खराब होईल, असेही गावात बोलले जाते. जमीन द्यावी की नाही, हे मला कळेनासे झाले आहे. कृपया मार्ग सांगावा.

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून प्रथम एकच सांगावेसे वाटते, आणि ते गुरुवारच्या आत तुमच्यापर्यंत पोहोचावे म्हणून सुरुवातीलाच लिहितो. गुरुवारी कोणत्याही कागदावर सही करू नका. जमीन देऊ नका, असे मी म्हणत नाही. माझ्या मते असा प्रकल्प तुमच्या जमिनीवर होऊ शकतो आणि नीट झाला तर तो चांगलाही ठरेल. मात्र एजंटाने तोंडी सांगितलेल्या गोष्टींपैकी ज्या खऱ्या आहेत त्या करारात यायला हव्यात, ज्या खऱ्या नाहीत त्या गावासमोर उघड व्हायला हव्यात, आणि ज्यांना भाड्याचा एक रुपयाही मिळणार नाही पण प्रकल्पाशेजारी राहावे लागणार आहे, त्यांचे म्हणणे सहीच्या आधी ऐकले जायला हवे. या तीन गोष्टींना दोन-तीन महिने लागतील. खरोखर प्रकल्प करायची इच्छा असलेली कंपनी तेवढे थांबते, कारण उपकेंद्राला लागून असलेली सपाट जमीन तिला दुसरीकडे सहज मिळत नाही. तुमच्या हातातील खरे बळ तेच आहे.

हा प्रकल्प तुमच्याच जमिनीवर का हवा आहे, ते समजून घ्या. सौर वीज दुपारी भरपूर तयार होते आणि सूर्य कलला की संपते. घरोघरचे दिवे, पंखे आणि टीव्ही मात्र नेमके त्याच वेळी सुरू होतात. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्येच १०० गिगावॅटच्या पुढे गेली, त्यामुळे दुपारची वीज साठवून संध्याकाळी वापरण्याची गरज वाढली आहे. ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. घाटघरला आपण २००८ पासून हेच पाण्याने करतो. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅट वीज घ्यायची. बॅटरी प्रकल्पाला डोंगर आणि धरण लागत नाही, उपकेंद्र लागते. १०० मेगावॅट-तास म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत एक लाख युनिट. तुमच्या गावातला पाच अश्वशक्तीचा पंप डोळ्यांसमोर आणा. असे सुमारे १३ हजार पंप एकाच वेळी दोन तास चालतील, एवढी ती वीज आहे. एक लाख युनिट भरले की परत मिळताना साधारण ८५ हजारच मिळतात, बाकीचे उष्णतेत आणि यंत्रे थंड ठेवण्यात जातात.

ही वीज तुमच्या गावाला फुकट मिळणार नाही, ताई. ती उपकेंद्रातून वरच्या वाहिनीवर जाते आणि राज्यभरात वाटली जाते. कंपनीला तिचा मोबदला वीज खरेदी करणाऱ्या वितरण कंपनीकडून मिळतो. गावाला कंपनीने काही द्यायचे असेल तर ते रुपयांत आणि लेखी ठरवावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्प झालेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे. ती योजना सौर प्रकल्पांची आहे, बॅटरीची नव्हे, पण ग्रामपंचायतीने बोलणी कुठून सुरू करावी यासाठी तो आकडा उपयोगी पडेल. कायम नोकऱ्यांचीही फार आशा धरू नका. बांधकामाच्या महिन्यांत कामे निघतील, त्यानंतर काही पहारेकरी, गवत काढणारी माणसे आणि एखाद-दोन तंत्रज्ञ एवढाच राबता राहील.

आता आगीविषयी. भावजींनी पाहिलेला व्हिडिओ बहुधा कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगचा असावा. १६ जानेवारी २०२५ रोजी तेथे मोठी आग लागली, सुमारे १२०० लोकांना घरे सोडावी लागली, महामार्ग बंद करावा लागला आणि नंतर शेजारच्या खाडीतल्या दलदलीच्या मातीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वाढल्याचे तपासणीत दिसले. तोही शेतीचाच मुलूख आहे. म्हणून भावजींची भीती खोटी आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याला साथ देऊ नका. मात्र तेथे काय जळाले, हेही त्यांना सांगायला हवे. त्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या होत्या आणि एका जुन्या वीज केंद्राच्या बंदिस्त दालनात हजारोंनी रचलेल्या होत्या. एका कोपऱ्यात लागलेली आग थांबवायला मध्ये मोकळी जागाच नव्हती. आता नव्या प्रकल्पांत बहुतेक ठिकाणी लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या वापरतात, त्या वीस फुटी पोलादी कंटेनरांत असतात आणि कंटेनर उघड्यावर एकमेकांपासून अंतर राखून ठेवतात. तुमच्या शेतात असे वीस ते पंचवीस कंटेनर येतील.

लोह-फॉस्फेटची बॅटरी उष्णतेला अधिक टिकते, पण ती पेटतच नाही असे नाही. ती बिघडली की तिच्यातून हायड्रोजनसारखे ज्वालाग्राही वायू आणि काही विषारी वायूही निघतात आणि बंद पेटीत साठले तर स्फोट होऊ शकतो. १९ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका छोट्या, अवघ्या दोन मेगावॅटच्या प्रकल्पात आग विझली असे समजून जवानांनी दार उघडले आणि स्फोटात चार अग्निशमन जवान गंभीर जखमी झाले. म्हणजे धोका बॅटरीइतकाच दार उघडणाऱ्याच्या अज्ञानातही होता. अशा आगीत पेटलेला कंटेनर जळू द्यायचा, त्याचे दार उघडायचे नाही आणि शेजारच्या कंटेनरांवर पाणी मारून त्यांना थंड ठेवायचे, हे तालुक्याच्या अग्निशमन दलाला आगाऊ शिकवलेले असावे लागते. तुमच्या गावापासून बंब किती अंतरावर आहे आणि तो यायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

ऑस्ट्रेलियात जिलाँग शहराजवळ, शेतांच्या मधोमध असलेल्या व्हिक्टोरियन बिग बॅटरी प्रकल्पात ३० जुलै २०२१ रोजी, चाचणी सुरू असतानाच, एक पेटी पेटली. थंड करणारा द्रव गळून आतील विद्युत भागांत गेला होता. वाऱ्याने ज्वाळा शेजारच्या पेटीवर गेल्या आणि दोन पेट्या जळाल्या. बाकीच्या दोनशेच्या वर वाचल्या आणि कोणाला इजा झाली नाही. या घटनेतली एक बारीक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी पेटी पेटली ती नवीनच बसवलेली होती आणि तिच्यावर दुरून लक्ष ठेवणारी यंत्रणा अजून पूर्णपणे जोडली गेली नव्हती. आत गळती होत होती, पण ती दिसणारे कोणी नव्हते.

हे वाचले तेव्हा मला माझ्या नोकरीतली एक सकाळ आठवली. तुमच्या शेजारच्या उपकेंद्रातही आज बॅटऱ्या आहेत, हे गावात बहुधा कोणाला माहीत नसेल. प्रत्येक मोठ्या उपकेंद्रात एक बॅटरी खोली असते. दोन-दोन व्होल्टचे ५५ किंवा ११० शिसे-आम्लाचे सेल मांडणीवर ओळीने उभे असतात आणि बाहेरची वीज गेली तरी ब्रेकर आणि रिले, म्हणजे बिघाड ओळखून वाहिनी तोडणारी यंत्रे, त्यांच्या जोरावर चालतात. चार्जिंगच्या वेळी त्यांतूनही हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीला एक्झॉस्ट पंखा लागतोच. मी ज्या उपकेंद्रात होतो, तेथे हा पंखा बंद पडला होता आणि नोंदवहीत जवळजवळ तीन महिने रोज 'पंखा नादुरुस्त' एवढीच ओळ लिहिली जात होती. एका पावसाळी सकाळी मी खोलीचे दार उघडले तेव्हा वास डोळ्यांत झोंबला आणि सेलच्या जोडपट्ट्यांवर हिरवट-पांढरे थर चढलेले दिसले. सुदैवाने काही घडले नव्हते. त्या नोंदवहीवर आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या, माझीही होती, आणि ती गोष्ट मला आजही खुपते. त्यामुळे कोणी 'आमची यंत्रणा अत्याधुनिक आहे' असे सांगितले की मी एवढेच विचारतो: बिघाडाची सूचना कोणाच्या फोनवर जाते, तो माणूस रात्री दोन वाजता कुठे असतो आणि तो किती मिनिटांत येतो? या तीन प्रश्नांची उत्तरे नावानिशी आणि लेखी मागा. पहिला कंटेनर जागेवर उतरवून चार्ज करण्याच्या आधीच देखरेख सुरू झालेली असेल, अशी अटही करारात घाला.

गावाला घाबरवू नये म्हणून हेही सांगतो की जगभरात या प्रकल्पांची संख्या झपाट्याने वाढली तरी क्षमतेच्या तुलनेत अपघातांचे प्रमाण २०१८ ते २०२३ या काळात सुमारे ९७ टक्क्यांनी घटले आहे. आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये राजनांदगाव येथे सौर प्रकल्पासोबतची ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी २०२४ पासून चालू आहे. महावितरणनेही अशा साठवणुकीसाठी निविदा काढल्या आहेत. म्हणजे तुमच्या दारात आलेला विषय हवेतला नाही.

कंपनीकडून तीन कागद मागून घ्या. बॅटरी कोणत्या रसायनाची आणि कोणत्या उत्पादकाची आहे, ते एका कागदावर हवे. दुसरा कागद यूएल ९५४०ए या चाचणीचा अहवाल. एक सेल मुद्दाम पेटवून आग पुढच्या सेलला, पुढच्या पेटीला लागते का, हे या चाचणीत पाहतात. अहवाल तुम्हाला वाचता आला नाही तरी चालेल, जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्युत विभागाचे प्राध्यापक तो वाचून देतील. तिसरा कागद म्हणजे आराखडा, आणि त्यावर मात्र तुम्ही स्वतः बोट ठेवून बोलले पाहिजे. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. जमीन चौरस धरली तर एक बाजू साधारण ११० मीटर. कंटेनर उपकेंद्राकडच्या निम्म्या भागात ठेवले आणि पूर्वेकडच्या भागात रस्ता, कार्यालय आणि पाण्याची टाकी घेतली, तर वस्ती ते सर्वांत जवळचा कंटेनर हे अंतर साठ मीटरवरून शंभराच्या पुढे जाते. कंपनीला याचा फारसा जादा खर्च नाही, फक्त आधी सांगावे लागते. पावसाळ्यात तुमच्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे धूर झालाच तर तो वस्तीकडेच जाईल. त्यामुळे हे अंतर मागताना जरासुद्धा संकोच करू नका.

आवाजाचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण रोजचा त्रास होणार असेल तर तो याचाच. कंटेनर थंड ठेवणारे पंखे आणि वीज बदलणारी यंत्रे सतत घुमत राहतात आणि नेमकी उन्हाळ्याच्या रात्री, जेव्हा माणसे अंगणात बाज टाकून झोपतात, तेव्हा पंखे जोरात चालतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. प्रकल्पापूर्वी वस्तीच्या अंगणात रात्री आवाज मोजून ठेवायचा, प्रकल्पानंतर पुन्हा मोजायचा आणि मर्यादा ओलांडली तर कंपनीने स्वखर्चाने भिंत उभारायची किंवा पंख्यांची दिशा बदलायची, असे करारात लिहून घ्या.

विहिरीबद्दल जे बोलले जाते त्यात थोडेच तथ्य आहे. औष्णिक केंद्राला लागते तसे भरमसाट पाणी बॅटरीला लागत नाही. थंड करणारा द्रव बंद नळ्यांत फिरत असतो. पाण्याला खरा धोका आगीच्या वेळचा आहे, कारण विझवायला मारलेले पाणी दूषित होऊन जमिनीवरून वाहते. ते अडवून धरणारे पक्के, अस्तर केलेले तळे आराखड्यात हवे आणि तुमच्या व शेजारच्या विहिरींच्या पाण्याची आज एकदा प्रयोगशाळेत तपासणी करून तो अहवाल जपून ठेवायला हवा. पुढे वाद झालाच तर आधीचे पाणी कसे होते, हे सांगणारा तोच एक पुरावा असेल. पावसाच्या पाण्याकडेही लक्ष द्या. तीन एकरांवर मुरुमाचा उंच थर पडला की आजवर काळ्या मातीत जिरणारे पाणी बाजूच्या शेतात धावेल आणि पहिल्याच मोठ्या पावसात भावजींचा बांध फुटेल. पाणी ओढ्यापर्यंत नेणारी चारी कंपनीने काढायची, हे लिहून घ्या.

मुरुमाच्या आधी माती येते. तुमच्या जमिनीतील वरची फूट-दीड फूट काळी माती हीच तुमची खरी मिळकत आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जड कंटेनरांच्या पायासाठी ठेकेदार ती काढून टाकतो आणि पुष्कळदा विकूनही मोकळा होतो. एकेक भरलेला कंटेनर सुमारे चाळीस टनांचा असतो, यावरून पाया किती पक्का लागेल ते ध्यानात येईल. काढलेली माती तुमच्याच राहिलेल्या दोन एकरांच्या कडेला साठवायची, तिच्यावर गवत लावायचे आणि मुदत संपल्यावर काँक्रीट व मुरूम उचलून ती पुन्हा पसरून द्यायची, हे कलम कंपनीच्या मसुद्यात सापडणार नाही. ते तुम्हालाच घालावे लागेल. मला विचाराल तर भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्व मी या कलमाला देईन.

मुदत संपल्यावर बॅटऱ्यांचे काय, हा प्रश्नही त्यालाच जोडलेला आहे. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण कंपनी बुडाली किंवा प्रकल्प तिसऱ्यालाच विकला गेला, तर तुमच्या शेतात उभे राहिलेले पंचवीस कंटेनर कोण उचलणार? याचे उत्तर नियमात शोधत बसण्यापेक्षा बँक हमीत शोधा. सर्व सामान काढून जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाइतकी बँक हमी तुमच्या नावे असावी, दर पाच वर्षांनी तिची रक्कम नव्या दरांप्रमाणे वाढावी आणि प्रकल्प कोणी विकत घेतला तरी ती त्याच्यावर बंधनकारक राहावी. आणखी एक गोष्ट विचारा. अशा बॅटऱ्यांचे वीज वितरण कंपन्यांशी होणारे करार सहसा १२ ते १५ वर्षांचे असतात. मग तुमच्याकडून २७ वर्षे कशासाठी मागितली आहेत? उत्तर समाधानकारक असू शकते, जसे जुन्या बॅटऱ्या बदलून नव्या घालणे. पण पंधराव्या वर्षी दोन्ही बाजूंनी भाडे नव्याने ठरवायचे, अशी अट मागण्याचा तुमचा हक्क त्यातून तयार होतो.

भाड्याकडे वळू. एकरी ७० हजार ऐकायला बरे वाटतात. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ आहे. तुमच्या प्रस्तावात वाढीचा उल्लेखच नाही. तीन टक्क्यांनी वाढणारे ५० हजार साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी तुमच्या ७० हजारांना मागे टाकतात आणि सत्ताविसाव्या वर्षी एक लाखाच्या पुढे जातात. तुमचे मात्र तेव्हाही सत्तरच राहतील, आणि त्या सत्तरात तेव्हा काय येईल, याचा अंदाज सत्तावीस वर्षांपूर्वीच्या किराण्याच्या बिलावरून करता येईल. दरवर्षीची वाढ, भाडे थकल्यास व्याज, अकृषिक वापराचा काही आकार लागल्यास तो कंपनीकडे आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्चही कंपनीकडे, हे चारही मुद्दे लिहून घ्या. हे भाडे शेतीचे उत्पन्न धरले जात नाही, त्यावर आयकर लागू शकतो, तेही ध्यानात असू द्या.

आता त्या दोन कागदांविषयी, जे गुरुवारी येणार आहेत. कुलमुखत्यारपत्र मुळीच देऊ नका. सरकारी परवानगीसारख्या कामांसाठी तुमच्या सहीची गरज पडली तर तुम्ही त्या त्या वेळी सही कराल, असे सांगा. तुमच्या वतीने वाटेल ते करण्याचा अधिकार परक्याच्या हाती जाता कामा नये. संमतीपत्राची गोष्ट वेगळी आहे. एजंट उपकेंद्राभोवतीच्या अनेकांची संमतीपत्रे गोळा करतात, कंपनी ती दाखवून निविदा भरते आणि निविदा मिळाली नाही तर कागद तसाच पडून राहतो. जमीन मात्र अडकलेली असते. म्हणून संमतीपत्राला मुदत हवी, एक वर्षाची पुरे, आणि तेवढा काळ जमीन अडवून धरण्याचे पैसे हवेत. प्रत्यक्ष भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्याने तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला कागद त्यासाठी पुरेसा नाही. कंपनीला बँकेकडून कर्ज घेताना भाडेपट्ट्याचा हक्क तारण ठेवता येईल, पण तुमची मालकी तारण ठेवता येणार नाही, हे वाक्य करारात स्पष्ट शब्दांत असू द्या.

मुलीच्या सहीची गरज नाही, हे एजंटाचे म्हणणे चूक आहे. मालकांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर तुमच्या आणि मुलाच्या बरोबरीने मुलगीही वारस आहे. सातबारा काढून वारस नोंद कशी झाली आहे ते पाहा. तिचे नाव राहून गेले असेल तर आधी ते लावून घ्या. कोणी घाईने तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायला सुचवले तर ते आत्ता नको. सत्तावीस वर्षे पैसा देणारी ही जमीन आहे, त्यातील तिचा वाटा तिला समजावून सांगितल्याशिवाय तिची सही घेणे योग्य नाही आणि तिच्या सहीवाचून झालेला करार उद्या न्यायालयात अडकू शकतो. तिला फोन करा, माहेरी बोलवा आणि मुलालाही त्याच दिवशी येऊ द्या. तुमच्या पत्रात मुलाचे मत डोकावते, मुलीचे कुठेच नाही. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, पण मला ते जाणवले.

यानंतर विषय ग्रामसभेत नेणे. जमीन तुमची आहे, ती द्यायला ग्रामसभेची परवानगी लागते असे मी म्हणत नाही. पण चाळीस टनांचे ट्रेलर पाणंद रस्त्यानेच येणार आहेत, केबल कोणाच्या तरी बांधाखालून जाणार आहे आणि धूर झाला तर तो सर्वांच्या नाकात जाणार आहे. कंपनीच्या अभियंत्याने, एजंटाने नव्हे, आराखडा घेऊन सभेत उभे राहावे आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवली जावीत, अशी मागणी तुम्ही स्वतःच सरपंचांकडे लेखी करा. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा व्हावी, असे आपला कायदा सांगतो. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. तुमच्या गावात ती प्रत्यक्ष भरू द्या, कारण रात्रीच्या आवाजाबद्दल आणि पिण्याच्या पाण्याबद्दल नेमके प्रश्न तिथेच विचारले जातील. जी कंपनी ग्रामसभेत यायला तयार नसेल, तिला जमीन देऊ नका. एवढ्या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

राहिले भावजी. ते बोलत नाहीत याचे कारण केवळ व्हिडिओ नसावा. एवढी मोठी गोष्ट त्यांना एजंटाच्या किंवा गावाच्या तोंडून कळली, तुमच्या तोंडून नाही, हेही असेल. सातबारा आणि गाव नकाशाची प्रत घेऊन तुम्ही स्वतः वस्तीवर जा. सही केलेली नाही, हे आधी सांगा. कंटेनर पश्चिमेकडे सरकवायचे, चारी काढायची, आवाज मोजायचा, विहीर तपासायची, या गोष्टी त्यांच्याशी बोलून लिहून घ्या आणि त्या तुमच्या अटी म्हणून कंपनीपुढे मांडा. मग कंपनीला सांगा की गावातील पाच जणांना, तिच्या खर्चाने, चालू असलेला एखादा असाच प्रकल्प पाहायचा आहे, आणि तो रात्री पाहायचा आहे, कुंपणापासून साठ मीटरवर उभे राहून. त्या पाच जणांत पहिले नाव भावजींचे घाला. ते तयार झाले नाहीत, तर जाऊबाईंना बरोबर घ्या.